वर्गात आज बाई कोण?

माझ्या पर्समध्ये हात घातला की चिंचोके, बाटल्यांची झाकणं, अर्धा खडू असं काहीतरी हाताला लागतं. कोणी टाकलं, कधी टाकलं, काही आठवत नाही. पहिलीच्या वर्गातल्या किस्स्यांचंही तसंच आहे. मुद्दाम गोळा करायला कोणी जात नाही, पण सहा महिन्यांत पर्सची चेन लागेनाशी होते.

खरं सांगायचं तर मला शिकवायला लागून सव्वीस वर्षं झाली आणि त्यातल्या पंचवीस वर्षांचा एकही धड किस्सा माझ्याकडे नाही. त्या वर्गात मी बोलायचे आणि मुलं ऐकायची. नुसतं ऐकणाऱ्यांचे कुठे किस्से होतात? मग एक ट्रेनिंग झालं. मुलांना हाताने करू द्या, त्यांचं त्यांना ठरवू द्या, तुम्ही जरा मागे सरा, असं तिथे तीन दिवस सांगत होते. चहा चांगला होता, त्यामुळे मी बरंच ऐकलं. परत आले आणि जूनमध्ये सातपूरच्या आमच्या शाळेत, पहिलीच्या वर्गात, ‘आजची बाई’ सुरू केली.

म्हणजे काय, तर रोज सकाळी डब्यातून एक चिठ्ठी निघते. जिच्या नावाची निघेल ती त्या दिवशीची बाई. मुलगा असला तरी बाईच, हे मुलांनीच ठरवलं. खुर्ची तिची, लाल पेन तिचा, हजेरी तिची. मी खाली सतरंजीवर, मुलांच्या ओळीत. काय करायचं ते मी चिठ्ठी निघाली की तिच्या कानात सांगून ठेवते, पण वर्ग चालवायचा तो तिने. बाहेरून कोणीही आलं तरी बोलायचं ते तिच्याशी!

पहिल्याच आठवड्यात ओवीचे पप्पा दारात उभे राहिले. दिंडोरीकडचे, इथल्याच एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि मापं बनतात तिथे, कामाला, कपडे कडक इस्त्रीचे. त्यांनी आत पाहिलं तर खुर्चीवर सहा वर्षांची पोरगी आणि बाई खाली मणी ओवत बसलेल्या. मला त्यांनी हळूच बाहेर बोलावलं.

“बाई, लेकरू खेळायला नाय पाठवलं आम्ही,” ते म्हणाले. “दिवाळीपर्यंत बघतो. तिला वाचता आलं तर ठीक हाय. नाय तर दाखला काढतो आन् रस्त्यापलीकडच्या इंग्लिश मीडियमला टाकतो.”

आवाज चढवला असता तर मीही चढवला असता. पण माणूस अगदी शांतपणे बोलत होता. ओवी गेली की तिच्याबरोबर चालत येणारी गल्लीतली चार पोरंही जाणार, हे उघड होतं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, त्यांनीही स्पष्ट सांगितलं, “पाच गेली की तुमचा वर्ग दुसरीला जोडावा लागेल, आणि मग ही खुर्चीची नाटकं बंद.” मला वर्गाची काळजी होतीच, पण त्याहून जास्त ओवीची होती. ती रोज सकाळी आली की दाराशी काढलेल्या माझ्या चपला सरळ लावून ठेवायची आणि त्याबद्दल एक अक्षर बोलायची नाही. अशी मुलगी हातची घालवायची म्हणजे जिवावर येतं. आता दिवाळी होऊन गेली आहे म्हणून हे सगळं हसत सांगते आहे. तेव्हा हसू येत नव्हतं.

*

हजेरीसाठी आम्ही भिंतीवर खिळे ठोकलेत. प्रत्येकाच्या नावाची पुठ्ठ्याची पाटी आहे. आलं की आपली पाटी आपल्या खिळ्याला अडकवायची. रिकामा खिळा म्हणजे गैरहजर. माझीही पाटी आहे, कारण खाली बसणाऱ्याला हजेरी चुकत नाही.

त्या दिवशी आजची बाई होता रुद्र. हा मुलगा कायद्याला एकदम पक्का. मी सकाळी गडबडीत पाटी अडकवायला विसरले. रुद्रने खिळे मोजले, एक रिकामा, लाल पेनने नोंद केली आणि नियमाप्रमाणे खिचडीच्या काकींना जाऊन सांगून आला की एक ताट कमी. काकींनी विचारलं, कोणाचं? तो म्हणाला, बाईंचं. त्या आल्याच नाहीत.

काकींनी ते ऑफिसात सांगितलं. मोठ्या बाई घाबरल्या. बिनरजेची गैरहजेरी, आणि तीही माझी! त्या धावतपळत वर्गात आल्या, बदली शिक्षिकेला सोबत घेऊन. मी सतरंजीवर बसून झाकणांचे दहा-दहाचे गठ्ठे करत होते.

“अहो, तुम्ही तर इथेच आहात,” मोठ्या बाई म्हणाल्या.

रुद्रने खुर्चीवरूनच खिळ्याकडे बोट दाखवलं. “इथे आहेत, पण आलेल्या नाहीत.”

मी उठून पाटी अडकवली तेव्हा कुठे माझा पगार वाचला. खिचडी मात्र त्या दिवशी मला मिळाली नाही, कारण ताट आधीच कमी झालेलं होतं.

*

मग मोजमाप आलं. व्हरांडा किती लांब आहे ते आपल्या वितीने मोजा, असं मी सांगितलं. कोणाच्या चाळीस विती भरल्या, कोणाच्या त्रेपन्न. मारामारीची वेळ आली. प्रत्येकाचं म्हणणं, माझाच हात बरोबर. मला उत्तर माहीत होतं, पण ट्रेनिंग आठवलं आणि मी ओठ आवळून बसले. पंचवीस वर्षांची सवय, फार कष्ट पडतात हो.

अर्ध्या तासाने जान्हवीने, म्हणजे त्या दिवशीच्या बाईने, निकाल दिला. आजपासून सगळ्यांनी एकच हात वापरायचा. सार्थकचा. का, तर त्याचा स्वच्छ असतो.

झालं. सार्थकला धरून पोरं शाळाभर फिरली. व्हरांडा, फळा, पाण्याची टाकी, मोठ्या बाईंचं टेबल, सगळीकडे सार्थकची वीत. तो बिचारा संध्याकाळी बोटं चोळत घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी तापाने आलाच नाही. मैदानातला आखलेला चौकोन मोजायचा राहिला होता. वर्ग हातावर हात ठेवून बसला. मी विचारलं, का बसलात? जान्हवी गंभीरपणे म्हणाली, “माप आजारी आहे.”

हे वाक्य ओवीने घरी जाऊन जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट सुटल्याबरोबर तिचे पप्पा मोटरसायकलवर हजर. आता झालं, म्हटलं, दाखला आजच मागणार. पण तोपर्यंत सार्थक बरा होऊन आला होता आणि पोरांनी त्याचा हात पुठ्ठ्यावर ठेवून, वीत आखून, कापून घेतली होती. पुन्हा आजारी पडला तर पंचाईत नको! त्या पुठ्ठ्यासाठी ओढाताण चालली होती.

पप्पांनी तो पुठ्ठा हातात घेतला. उलटसुलट केला. कडेवरून अंगठा फिरवला. मग खाली उकिडवे बसून पोरांना म्हणाले, “हा वापरायचा नाय. रोज वापरला तर झिजल. हा कपाटात ठेवायचा, आन् याच्यावरून बाकीचे कापायचे. आमच्यात याला मास्टर म्हणतात.”

पोरांनी तसंच केलं. मूळ वीत अजून माझ्या कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळून, बंदोबस्तात आहे. मला वाटलं, सुटले. पण जाताना पप्पा दारात थांबून म्हणाले, “हे बेस हाय बाई. पण वाचन कुठं हाय?”

*

श्रावणात आम्ही कांदे शिकवायला ठेवले. म्हणजे मुळं कशी फुटतात ते बघायला बाटलीच्या तोंडावर एकेक कांदा, तळ पाण्याला टेकेल असा. प्रत्येकाचा आपला कांदा, बाटलीवर आपलं नाव. पांढऱ्या मुळ्या चांगल्या बोटभर लांब झाल्या. पोरं सकाळी आधी कांद्याला भेटायची, मग एकमेकांना.

एका सोमवारी येऊन पाहतो तर बाटल्या जागेवर, पाणी जागेवर, कांदे गायब. रडारड सुरू झाली. मीही हबकले. आजची बाई होती ओवी. ती रडली नाही. तिने सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि वास घेत ही वरात सरळ स्वयंपाकघरात नेली. मी सगळ्यात मागे.

खिचडीच्या काकी पेठकडच्या, मनाने अतिशय गरीब. त्या दिवशी शाळेत पोचलेले कांदे कमी पडले होते आणि वर्गाच्या खिडकीत तर चांगली रांग लावून ठेवलेली. ओवीने पातेल्याकडे बोट करून विचारलं, आमचे आहेत का? काकींनी पदर तोंडाला लावला.

“मला काय ठावं,” त्या म्हणाल्या, “कांदे पण तुमच्याकडं शाळा शिकायला येतात म्हणून.”

आता शिक्षा काय? ओवीने सांगितलं, काकींनी उद्या वर्गात येऊन शिकवायचं. आयुष्यात त्या शाळेत स्वयंपाकासाठीच आलेल्या. पण दुसऱ्या दिवशी आल्या, डोक्यावर पदर नीट घेऊन. पातेल्यातला भात शिजला की नाही हे एकच शीत दोन बोटांत दाबून कसं ओळखायचं ते त्यांनी शिकवलं. अर्धा तास वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. माझ्या तासाला एवढी शांतता मी कधी पाहिली नव्हती, हे मोठ्या मनाने कबूल करते. सोमवारची खिचडी कांद्यामुळे फार चविष्ट झाली होती, हे मात्र वर्गात कोणी बोललं नाही.

*

तपासणीला साहेब येणार असं कळलं की पूर्वी आम्ही तक्ते लावायचो, मुलांकडून कविता घोटून घ्यायचो. या वेळी साहेब न सांगताच आले. मोठ्या बाई त्यांच्यामागे, चेहरा पांढराफटक. आणि खुर्चीत कोण? रुद्र!

रुद्रने साहेबांना चपला बाहेर काढायला लावल्या. मग खाली बसायला सांगितलं. त्या दिवशी वासांचा खेळ चालला होता. डोळ्यांना रुमाल बांधायचा आणि डबीतलं काय ते वासावरून ओळखायचं. रुद्र म्हणाला, नवीन आलेल्याचा नंबर पहिला. मी साहेबांकडे बघायचं टाळलं.

साहेबांनी रुमाल बांधून घेतला. कापूर ओळखला. हिंग ओळखला. ओवा नाकाशी धरला तेव्हा म्हणाले, जिरं. जिरं दिलं तर म्हणाले, बडीशेप. बडीशेप दिल्यावर गप्पच बसले. पोरं खुसखुसायला लागली. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले होते, आणि त्यांना तर रुमालही बांधलेला नव्हता.

रुद्रने रुमाल सोडला आणि साहेबांच्या पाठीवर थोपटून म्हणाला, “घाबरायचं नाही. आईजवळ ओट्यापाशी उभं राहायचं. येईल.”

साहेब उठून ऑफिसात गेले आणि शेरेबुक मागवलं. ते गेल्यावर मोठ्या बाईंनी शेरा वाचला. वर चार ओळी कौतुकाच्या होत्या आणि शेवटी लिहिलं होतं, ‘वास ओळखणे या कौशल्यात सुधारणा आवश्यक.’ मोठ्या बाईंनी दोन दिवस धसका घेतला, मला जादा तास घ्यायला सांगितले. तो शेरा साहेबांनी स्वतःवर लिहिला होता हे त्यांना पटवता पटवता माझा पुढचा आठवडा गेला. पण हुश्श! वर्ग वाचला. साहेबांच्या बाजूने तरी वाचला.

*

राहिले ओवीचे पप्पा. त्यांची गोष्ट सोपी नव्हती.

आता पहिलीला अक्षरं अ आ इ पासून ओळीने शिकवत नाहीत. म, क, ल, ब अशी सोपी चार अक्षरं घ्यायची, त्यांना काना-वेलांटी लावून लगेच शब्द करायचे. वाळूत गिरवायचे, मातीचे करायचे, चिंचोक्यांनी मांडायचे. पप्पा मात्र रोज संध्याकाळी ओवीला समोर बसवून म्हणायला लावायचे, क ख ग घ. ओवी ‘ख’पाशी अडायची. म्हणजे तिला काही येत नाही, असा त्यांचा हिशेब पक्का व्हायचा. मी दोनदा समजावलं. ते म्हणाले, “बाई, पाया ओळीनंच भरतात.”

आणि माझं मन मला खात होतं, कारण ओवी वर्गातही मोठ्याने वाचत नव्हती. दुसरं कोणी वाचायला लागलं की ती हनुवटीला हात लावून ऐकायची. स्वतःची पाळी आली की मातीचा गोळा घेऊन बसायची. तिला येत होतं की नव्हतं? सव्वीस वर्षांची बाई, पण मला सांगता येत नव्हतं. एकदा वैतागून मी जुना अ-आ-इचा तक्ता कपाटातून काढलाही होता. परत ठेवला, पण काढला होता. भीती वाटली की माणूस जुनी छडीही शोधतो.

सहामाही संपली. गल्लीतल्या चार पोरांच्या आयांनी मला विचारायला सुरुवात केली की ओवीचं काय ठरलं. मी म्हणायचे, बघू.

*

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. ओवीचे पप्पा दाखल्यासाठी येणार हे मोठ्या बाईंनी मला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी चिठ्ठी मी बघून काढली. म्हटलं, जातेच आहे तर एकदा खुर्चीत बसून जाऊ दे.

ओवी आजची बाई झाली. तिने सगळ्यांना पणत्या करायला माती वाटली. मीही खाली बसून पणती करायला घेतली. हात कामात होते, पण लक्ष सगळं दाराकडे.

पप्पा साडेदहाला आले. त्यांना ऑफिसात सांगितलं होतं की अर्ज लिहा आणि त्यावर वर्गशिक्षिकेची सही आणा. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी अर्ज लिहिला होता. टूलरूमचा माणूस, अक्षर कसं, ड्रॉइंगवर काढल्यासारखं, सुटं सुटं आणि ठळक. तो कागद घेऊन ते आत आले आणि माझ्यापुढे धरला. माझ्या हाताला माती. मी उठायला लागले, पण गुडघे हल्ली पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. तेवढ्यात खुर्चीवरून हात पुढे आला.

“कागद इकडे द्या,” ओवी म्हणाली. “आज बाई मी आहे.”

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी कागद तिच्याकडे दिला. द्यायचा म्हणून दिला.

ओवीने कागद टेबलावर पसरला, दोन्ही हातांनी सरळ केला आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. ‘मा. मुख्याध्यापिका यांस.’ थोडा वेळ बघून तिने वर्गाला सांगितलं, “ही जोडाक्षरांची ओळ आहे. ती आपण नंतर घेऊ.” आणि बोट खाली सरकवलं.

“मा-झी... मुल-गी... ओ-वी...” इथे तिने एकदा वर पाहिलं. “पहि-लीत आहे.”

पोरांचे हात थांबले. माझ्या हातातली पणती चेपली गेली ते मला नंतर कळलं.

“ति-ला... वा-च-ता... ये-त... ना-ही.” मग एका दमात, “तरी तिचा दाखला मिळावा.”

ओवीने बोट मागे घेतलं आणि मधली ओळ पुन्हा वाचली. या वेळी न तोडता, सरळ. ‘तिला वाचता येत नाही.’ मग तिने लाल पेनचं टोपण काढलं, त्या ओळीवर फुली मारली, टोपण परत लावलं आणि कागद पप्पांपुढे धरला.

“हे चुकलंय,” ती म्हणाली. “परत लिहून आणा.”

पप्पांनी कागद घेतला, त्याच्या चार घड्या घातल्या, इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, “हो, बाई.”